लेन्स लावल्यावर डोळे कसे दिसतील?

तुळशीचं लग्न लागलं की जुन्नर-आंबेगावात लग्नाची बोलणी सुरू होतात आणि चष्म्याच्या दुकानात, डोळ्यांच्या दवाखान्यात दरवर्षीचेच प्रश्न येऊ लागतात. ‘मुलीला चष्मा आहे, लग्नापुरती लेन्स चालेल का?’ ‘मला नंबरच नाही, नुसते डोळे घारे करायचेत, मग तपासायचं कशाला?’ ‘लहानपणी उसाची पात लागून डोळ्यात फूल पडलंय, ते लेन्सने झाकतं का?’ आणि दबक्या आवाजात, ‘लेन्स आत सरकून मेंदूकडे जाते म्हणतात, खरं का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लेन्स मेंदूकडे जात नाही, डोळ्याच्या मागेही जात नाही. पापणीच्या आतलं पातळ आवरण वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे वाटच बंद असते. फार तर लेन्स वरच्या पापणीखाली दुमडून बसते. बाकीच्या तीन प्रश्नांना मात्र एका शब्दात उत्तर नाही. तिघेही ‘लेन्स’च म्हणतात, पण प्रत्येकाला हवी असलेली वस्तू वेगळी आहे.

आधी ठरवा : नेमकं काय बदलायचंय?

दुकानात जाण्यापूर्वी घरच्या आरशासमोर उभं राहा आणि तुम्हाला काय बदलायचंय ते एका वाक्यात सांगा. त्या वाक्यावरून पुढची वाट ठरते.

- ‘चष्मा नको, डोळे माझेच दिसू देत.’ तुम्हाला साधी, पारदर्शक नंबराची लेन्स हवी. ती लावलेली समोरच्याला कळतही नाही. काही लेन्सना फिकट निळसर छटा असते, पण ती डबीतल्या पाण्यात लेन्स सापडावी म्हणून दिलेली असते. डोळ्यावर तिचा रंग दिसत नाही.
- ‘डोळ्यांचा रंग बदलायचाय.’ रंगीत लेन्स. ती नंबराची मिळते आणि बिननंबरचीही.
- ‘डोळे मोठे दिसायला हवेत.’ कडेला गडद कडं असलेली लेन्स. आपल्या बुबुळाचा दिसणारा काळा भाग साधारण ११ ते १२ मिलिमीटरचा असतो आणि मऊ लेन्स १४ मिलिमीटरच्या आसपास. ते कडं बुबुळाच्या हद्दीबाहेर येतं, म्हणून काळा भाग मोठा भासतो. पापण्यांची फट मात्र तेवढीच राहते.
- ‘डोळ्यातलं फूल किंवा डाग झाकायचाय.’ ही लेन्स त्या एका डोळ्यासाठी मापाने आणि रंग जुळवून घ्यावी लागते. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगितलंय.
- ‘तिरळेपणा, डोळ्याखालची काळी वर्तुळं, खाली आलेली पापणी.’ यांपैकी काहीही रंगीत लेन्सने जात नाही. पैसे खर्च करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तिरळेपणावर आणि पापणीवर उपचार आहेत.

चष्मा उतरला की काय काय दिसू लागतं

मायनस नंबराची काच डोळे लहान दाखवते. नंबर जितका जास्त, तितके डोळे बारीक दिसतात आणि काचेच्या कडेला चेहऱ्याची रेषही आत सरकल्यासारखी वाटते. प्लस नंबराची काच डोळे मोठे दाखवते. मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशननंतर जाड भिंगाचा चष्मा वापरणाऱ्या आजोबांचे मोठाले डोळे अनेकांना आठवत असतील. लेन्स थेट डोळ्यावर बसत असल्यामुळे हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मायनस ६ नंबराच्या मुलीने लेन्स लावली की ‘डोळे मोठे दिसायला लागले’ असं घरचे म्हणतात. खरं तर ते तेवढेच होते, काच त्यांना लहान दाखवत होती.

दोन गोष्टींची मात्र मनाची तयारी ठेवा.

1. चष्म्याआड लपलेलं उघडं पडतं : नाकावरचे वळ, डोळ्याखालचा काळपटपणा, बारीकसा तिरळेपणा. पहिले काही दिवस चेहरा रिकामा वाटतो. लेन्स चुकली म्हणून तसं होत नाही, सवय मोडली म्हणून होतं.
2. चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला चालत नाही. साधारण ४ च्या पुढे दोन्हींत फरक पडतो. चष्मा मायनस ६ असेल तर लेन्स मायनस ५.५० च्या आसपास येते. म्हणून चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स मागवू नका.

तिरपा, म्हणजे सिलिंडर नंबर जास्त असेल तर टोरिक लेन्स लागते. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा खूप जास्त असेल, तर चष्म्यात एक डोळा लहान आणि एक मोठा दिसतो. अशांना लेन्सचा फायदा दिसण्यातही होतो आणि नजरेतही. नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल आणि डोळे सतत चोळायची सवय असेल, तर बुबुळ टोकदार होण्याचा आजार नाही ना हे आधी तपासून घ्या. त्यात वेगळ्या, कडक लेन्स लागतात.

रंगीत लेन्स : काळ्याभोर डोळ्यावर काय दिसतं?

जाहिरातीतला फोटो बहुधा उजळ डोळ्यांच्या माणसाचा असतो. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यावर तीच लेन्स वेगळी दिसते. याची कारणं साधी आहेत.

- अर्धपारदर्शक रंग खालच्या गडद बुबुळात बुडून जातो. तो उजळ डोळ्यांसाठीच असतो.
- अपारदर्शक रंग गडद डोळ्यावर दिसतो. त्यात रंगाचे बारीक ठिपके किंवा रेषा छापलेल्या असतात. ठिपक्यांमधून खालचा तपकिरी रंग डोकावला तर डोळा नैसर्गिक वाटतो. सगळं एकसारखं झाकलं गेलं की डोळा खेळण्यातल्या बाहुलीला बसवल्यासारखा दिसतो.
- मधाळ, फिकट तपकिरी, हिरवट-तपकिरी छटा गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर सहज मिसळतात. निळा आणि राखाडी रंग चार हातांवरूनही ‘लेन्स लावलीय’ असं सांगतो. तेच हवं असेल तर जरूर घ्या. ‘कुणाला कळू नये’ असं वाटत असेल तर घेऊ नका.

आता मधल्या भोकाबद्दल. रंगीत लेन्सच्या मध्यभागी बाहुलीपुरती जागा मोकळी ठेवलेली असते आणि ती कायम तेवढीच राहते. आपली बाहुली मात्र उन्हात आकसते आणि अंधारात पसरते. उन्हात फोटो काढला की बाहुलीभोवती मूळ तपकिरी रंगाचं कडं दिसतं. रात्री बाहुली पसरली की रंगाची कड नजरेच्या आड येते. दिव्यांभोवती वलयं दिसतात, धुरकट वाटतं. म्हणून रंगीत लेन्स लावून रात्री गाडी चालवू नका. पुणे-नाशिक महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यात एक क्षण चुकला तरी पुरे होतं.

ज्यांचं काम मंचावर आहे त्यांच्यासाठी थोडं. नारायणगाव ही तमाशा पंढरी. ऑर्केस्ट्रा, लोकनाट्य, रील्स करणारी मुलंमुली या भागात भरपूर. रंगीत लेन्स कॅमेऱ्याच्या क्लोजअपमध्ये दिसते, मैदानातल्या शेवटच्या रांगेला नाही. तिथपर्यंत पोचते ती काजळाची रेघ, भुवई आणि नजर. तेव्हा यात्रेच्या रात्रभराच्या कार्यक्रमात लेन्सचा हट्ट धरू नका. आणि ‘आज तू लाव, उद्या मी लावते’ असं कधीही करू नका. एकाची लेन्स दुसऱ्याने लावणं म्हणजे त्याच्या डोळ्यातले जंतू स्वतःच्या डोळ्यात सोडणं. मैत्रिणीची असो, सख्ख्या बहिणीची असो, सोल्युशनने धुतलेली असो, ती लावायची नाही.

डोळ्यात फूल पडलं असेल तर

उसाची पात, बाजरीचं कणीस, कुसळ, विळ्याचं टोक लागून झालेली जखम, लहानपणीची देवी-गोवर, वेळेवर न दाखवलेला संसर्ग अशी फुलामागची कारणं गावोगाव ऐकू येतात. जखम भरते, पण बुबुळाच्या पारदर्शक भागावर पांढरा डाग राहतो. त्या डागामुळे लग्न लांबलेली, फोटोत मान वळवून उभी राहणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. त्यांच्यासाठी लेन्स ही नुसती हौस नसते.

पायऱ्या अशा घ्या.

1. पहिला प्रश्न दिसण्याचा नको, नजरेचा हवा. ‘या डोळ्याला नजर परत येऊ शकते का?’ हे डॉक्टरांना विचारा. काहींना नेत्ररोपणाने, म्हणजे दान मिळालेलं पारपटल बसवून, दिसू शकतं. बरा होऊ शकणारा डोळा वर्षानुवर्षं झाकून ठेवणं हे सर्वांत मोठं नुकसान.
2. डाग जुना आणि शांत आहे ना, ते तपासा. दुखणं, लाली, पाणी असेल तर लेन्स नाही.
3. दोन्ही डोळे दिवसाच्या उजेडात जुळवून घ्या. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसतो. चांगल्या डोळ्याच्या छटेवर, बुबुळाच्या मापावर आणि बाहुलीच्या आकारावर लेन्स बेततात.
4. बाहुलीचा भाग कसा हवा ते विचारा. त्या डोळ्याने थोडंफार दिसत असेल तर मध्य मोकळा ठेवतात. काहीच दिसत नसेल आणि बाहुली पांढरी असेल तर मध्य काळा छापतात.
5. डोळा आकसून लहान झाला असेल तर लेन्सने भागत नाही. माप घेऊन बनवलेलं पातळ कवच बसवतात. ते रंगवणारे कारागीर वेगळे असतात. मोठ्या नेत्ररुग्णालयात चौकशी करा.

दोन इशारे. तुम्हाला एकाच डोळ्याने दिसत असेल, तर त्या चांगल्या डोळ्यावर हौसेची लेन्स चढवू नका. उलट काम करताना त्याच्यावर जाड प्लास्टिकचा संरक्षक चष्मा ठेवा. आणि लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः फ्लॅशच्या फोटोत, तर ‘फूल असेल’ म्हणून घरी थांबू नका. तो मोतीबिंदू असू शकतो, डोळ्यातली गाठही असू शकते. त्याच आठवड्यात तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा.

घेण्याआधीची तपासणी : कुठे, कशी?

सरकारी सोय म्हणून जुन्नर, घोडेगाव, नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठता येतं. नेत्र विभाग कोणत्या वारी असतो ते आधी विचारून घ्या. नारायणगावात पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांनी उभं केलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. पुढच्या उपचारासाठी पुण्यात ससून आणि हडपसरकडचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. लेन्स बसवण्याची, त्यातही फूल झाकणाऱ्या लेन्सची सोय सगळीकडे असतेच असं नाही. म्हणून फोन करून मगच एसटी धरा.

तपासणीत या गोष्टी व्हायलाच हव्यात.

- दोन्ही डोळ्यांचा नंबर
- बुबुळाच्या गोलाईचं माप. यावरून लेन्सची बेस कर्व्ह ठरते
- स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्राखाली बुबुळ, पापण्या आणि पापणीच्या आतली बाजू
- डोळ्यात पाणी पुरेसं आहे का, ॲलर्जी आहे का
- ट्रायल लेन्स डोळ्यावर ठेवून वीसेक मिनिटांनी पुन्हा तपासणी; लेन्स उघडझापीबरोबर थोडी हलली पाहिजे, चिकटून बसता कामा नये
- लेन्स लावणं-काढणं तुमच्या हातून करवून घेणं

शेवटचा मुद्दा सोडू नका. दुकानदाराने लावून दिलेली लेन्स रात्री अकराला घरी काढता आली नाही, की मग नखं लागतात, घाबरगुंडी उडते आणि शेवटी माणूस तशीच लेन्स ठेवून झोपतो. दोन-तीन वेळा स्वतः काढून दाखवल्याशिवाय लेन्स घरी नेऊ नका.

‘मला नंबरच नाही’ म्हणणाऱ्यांना हेच सगळं लागू आहे. डोळ्यावर बसते ती लेन्स. नंबर असो-नसो, ती हवा अडवते, जंतू आणते आणि चुकीच्या मापाची असेल तर घासते. अमेरिकेत २००५ पासून बिननंबरची शोभेची लेन्सही कायद्याने वैद्यकीय उपकरणच धरली जाते. काजळ-टिकलीच्या शेजारी टांगलेली लेन्स, यात्रेतल्या स्टॉलवरची लेन्स, मोबाइलवर ‘फ्री साइज’ म्हणून मिळणारी लेन्स, या तिन्ही टाळा. डोळ्याला फ्री साइज नसतो.

कोणत्या मुदतीची घ्यावी?

- रोजची : सकाळी उघडा, रात्री फेकून द्या. लग्न, फोटो, परगावचा कार्यक्रम अशा अधूनमधूनच्या वापराला सर्वांत सुरक्षित. सोल्युशनचा खर्च नाही.
- पंधरवड्याची किंवा महिन्याची : नियमित वापरणाऱ्यांसाठी. रोज रात्री सोल्युशनने साफसफाई लागते.
- वर्षाची : रंगीत लेन्समध्ये अजून विकली जाते. स्वस्त वाटते, पण वर्षभराचा मळ तिच्यावर साठतो.

इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो. महिन्याची लेन्स म्हणजे तीस वेळा लावायची लेन्स नव्हे. पाकीट फोडल्यापासून महिनाभरात तिचं आयुष्य संपतं, तुम्ही दोनदाच लावली असली तरी. दिवाळीत उघडलेली लेन्स चैत्रातल्या यात्रेला लावू नका. डबीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा.

लग्नाचा दिवस : हळदीपासून वरातीपर्यंत

पहिली लेन्स लग्नाच्या दिवशी लावणं हा सर्वांत नेहमीचा घोटाळा. निदान महिनाभर आधी तपासणी करा. पहिल्या दिवशी चारेक तास, मग डॉक्टर सांगतील तसे तास वाढवत न्या. एकदा पूर्ण मेकअप आणि दागिन्यांसह सहा-सात तास घालवून बघा. मग मुहूर्ताला काय होईल याचा अंदाज येतो.

1. हळदीला लेन्स नको. हळद डोळ्यात गेली तर चुरचुरतंच, शिवाय मऊ लेन्स रंग शोषून घेते. पिवळा डाग बसला की ती गेली. जेजुरीचा भंडारा, यात्रेतला गुलाल, रंगपंचमी यांनाही हाच नियम.
2. हात साबणाने धुवा, पुसा, लेन्स लावा, मग मेकअप करा. उतरवताना उलट : आधी लेन्स, नंतर मेकअप. मेकअपवाल्या ताईंना हा क्रम आधीच सांगून ठेवा.
3. काजळ पापणीच्या केसांच्या बाहेर. आतल्या ओल्या कडेवर घातलेलं काजळ लेन्सवर पसरतं आणि सगळं धूसर होतं. केसांवरचा स्प्रे लेन्स लावण्याआधी किंवा डोळे घट्ट मिटून.
4. होमाच्या धुरात डोळ्यांची उघडझाप करत राहा. झोंबलं तर लेन्ससाठी चालणारे ओलावा देणारे थेंबच घाला, साधे ‘डोळे थंड करणारे’ थेंब नव्हेत.
5. पिशवीत ठेवा : चष्मा, लेन्सची डबी, सोल्युशनची छोटी बाटली, लेन्सची एक जादा जोडी. ही पिशवी करवलीकडे द्या, नवरीच्या बॅगेत नको. वरातीच्या वेळी ती बॅग कुठल्या गाडीत आहे ते कुणालाच माहीत नसतं.
6. पाठवणीनंतर कितीही उशीर झाला तरी लेन्स काढूनच झोपा. लेन्स ठेवून झोपलं की संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो.

आणि एक दिसण्याबाहेरचं, पण महत्त्वाचं. पाहण्याच्या कार्यक्रमात चष्मा लपवायला लेन्स लावण्याची पद्धत आहे. मुलीलाच नाही, मुलालाही लावतात. लेन्स लावून खुशाल बसा, पण ‘नंबर आहे’ हे त्याच बैठकीत सांगा. चष्मा कधी ना कधी दिसणारच. सांगितला तर तो नुसता नंबर असतो, लपवला तर ती फसवणूक होते.

शेत, विहीर, रस्ता : लेन्स कधी काढून ठेवायची?

- द्राक्षबागेत, टोमॅटोवर औषध मारताना लेन्स नको. चष्मा आणि वरून गॉगल. द्रावण उडालं तर लेन्स लगेच काढा, डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.
- मळणी, कडबा कुट्टी, ऊसतोड, बराखीतला कांदा निवडणं : धूळ आणि कुसळ लेन्सखाली अडकतात आणि बुबुळ घासतं.
- विहीर, नदी, कालवा, धरणाचं पाणी : पोहताना लेन्स अजिबात नको, अंघोळीच्या वेळीही काढा. अशा पाण्यात, अगदी नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातही, एक सूक्ष्म अमिबा असतो. तो लेन्सखाली बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतो. म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने कधीही धुवायची नाही. थुंकी लावून तर नाहीच.
- मिरची, मसाला, बाम हाताळल्यावर साबणाने दोनदा हात धुवूनच लेन्सला हात लावा.
- दुचाकीवर लेन्स असली तरी काचेचं हेल्मेट किंवा साधा गॉगल हवाच. वाऱ्याने लेन्स सुकते, डोळे लाल होतात आणि ज्यासाठी लेन्स लावली ते दिसणंच बिघडतं.

साफसफाई थोडक्यात : तळहातावर लेन्स ठेवा, सोल्युशनचे थेंब टाका, बोटाने हलके चोळा, खंगाळा, डबीत ताजं सोल्युशन भरा. कालच्या सोल्युशनमध्ये आजचं वाढवायचं नाही. सकाळी डबी रिकामी करून सोल्युशननेच खंगाळा आणि पालथी वाळवा. डबी दर तीन महिन्यांनी बदला.

जिथे लेन्स उतरवूनच जायचं

- आधारसाठी बुबुळाचा ठसा देताना रंगीत लेन्स काढा. छापलेली नक्षी तुमच्या बुबुळाची खूण झाकते. आज ठसा चुकला तर पुढे ओळख पटवताना अडचण येते.
- पासपोर्ट, परवाना, परीक्षेच्या ओळखपत्राचा फोटो : मूळ डोळ्यांनीच काढा.
- पोलीस किंवा सैन्य भरतीची डोळे तपासणी : नंबर लपवायला लेन्स लावून जाऊ नका. बाजूने बॅटरीचा झोत टाकला की पांढऱ्यावर लेन्सची कड दिसते. त्या पदाला नंबराची मर्यादा किती आहे ते जाहिरातीत आधीच वाचा, नजर तपासा आणि मग मैदानावर घाम गाळा.

डोळा लाल झाला तर

दिवसाअखेर थोडी लाली, थोडा कोरडेपणा हे लेन्स जास्त वेळ राहिल्याचं लक्षण. पुढच्या दिवशी तास कमी करा. पण पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

- लेन्स काढूनही दुखणं किंवा टोचणं थांबत नाही
- उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही
- नजर धूसर झाली
- बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो
- चिकट घाण येते

लेन्स ताबडतोब काढा, पण फेकू नका. डबीसकट सोबत न्या. जंतू कोणता आहे ते तिच्यावरून तपासता येतं. दुसऱ्या डोळ्याचीही लेन्स काढा. मेडिकलमधून स्वतःच थेंब आणू नका. पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असतं. त्याने लाली लगेच उतरते, माणूस निश्चिंत होतो आणि आतली जखम वाढत जाते. मध, दूध, तूप, कुठल्या पाल्याचा रस, जिभेने काढणं, काहीही नको. अशी जखम बरी झाली तरी मागे काय उरतं? तोच पांढरा डाग, फूल. चार दिवस घारे दिसण्यासाठी घेतलेली लेन्स जन्मभर फूल झाकायच्या लेन्सची गरज लावून जाऊ शकते.

लेन्स नुसती चिकटून बसली असेल तर घाबरू नका. हात धुवा, लेन्सचे ओलावा देणारे थेंब घाला, डोळे मिटून दोन-चार मिनिटं थांबा, मग काढा. नखाने ओरबाडू नका.

तुमचे हक्क

लेन्स ही दुकानातली वस्तू असली तरी आपल्याकडे ती वैद्यकीय उपकरणात मोडते. त्यामुळे ग्राहक म्हणून आणि रुग्ण म्हणूनही तुम्हाला काही मागता येतं.

1. लेखी चिठ्ठी मागा. तिच्यावर पॉवर, बेस कर्व्ह, व्यास, लेन्सचा प्रकार आणि किती दिवसांनी बदलायची हे हवं. तपासणी एकीकडे आणि खरेदी दुसरीकडे करायचं स्वातंत्र्य तुम्हाला आहे. उपचाराचे कागद डॉक्टरांकडे मागितले तर ते ७२ तासांत मिळायला हवेत.
2. पाकीट सीलबंद आणि छापील हवं. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, किंमत तपासा. यांपैकी काही खरवडलेलं किंवा वर चिकटवलेलं असेल तर पाकीट घेऊ नका.
3. पक्कं बिल घ्या. आणि पाकिटाचा फोटो काढून ठेवा. डोळा बिघडला तर बॅच क्रमांक हाच पुरावा.
4. चुकीचा माल दिला आणि पाकीट न फोडता तुम्ही परत नेलं, तर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तुमचा हक्क काढून घेत नाही.
5. तक्रार कुठे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बनावट किंवा मुदत संपलेल्या मालासाठी अन्न व औषध प्रशासनाचं पुण्याचं कार्यालय. भरपाईसाठी पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही.

रोज सकाळी आरशासमोर

लेन्स लावून झाली की घराबाहेर पडण्याआधी अर्धा मिनिट आरशासमोर, शक्यतो खिडकीच्या उजेडात, उभं राहा. एकेक डोळा झाकून तीन प्रश्न विचारा. नीट दिसतंय का? काही टोचतंय का? पांढरं पांढरंच आहे का?

तीनही उत्तरं मनासारखी आली तर निघा. एक जरी चुकलं तरी लेन्स काढून चष्मा घाला, मग दारात वरात उभी का असेना. डोळे घारे असोत की काळेभोर, ते देखणे दिसतात ते भोवतीचं पांढरं स्वच्छ असतं तोवर. तेवढं मात्र कुठलीच लेन्स रंगवून देत नाही.